साहेबी गाडीची मागची सीट

गेल्या महिन्यात मुलाने मला गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. जुन्या गाड्यांचा इतिहास. त्यात आमच्या गाडीवर, म्हणजे अँबेसडरवर, एक अख्खं प्रकरण आहे. परदेशातल्या कुठल्याशा मॉडेलवरून ती कशी घेतली, पहिल्या मार्कची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची, जाळी कशी होती, दुसऱ्याला ती कशी बदलली, डिझेल इंजिन केव्हा आलं, स्टिअरिंगला चिकटलेला हातगिअर खाली जमिनीवर केव्हा उतरला, सगळं नीट लिहिलंय. चष्मा पुसून मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला. त्यात मोहफुलं नाहीत, अस्वल नाही, सावरीचा कापूस नाही, माझ्या मायची शिलाई मशीन नाही. गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की तिची घडण संपली, असं लिहिणाऱ्याला वाटत असावं. मी स्वतः पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात उभी हयात काढली आहे, त्यामुळे त्याचा फार दोष मानत नाही. पण आमच्या अर्जुनी मोरगावच्या अंगणात त्या गाडीचे जे मार्क निघाले, ते कुणीतरी लिहायला हवेत, आणि ते लिहायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

माझे बाबा, रामदास ड्रायव्हर, पाटबंधारे खात्यात मोठ्या साहेबांची गाडी चालवायचे. पांढरी अँबेसडर, मागच्या सीटवर पांढरे टर्किश टॉवेल, काचांना निळे पडदे. आमचा दिवस त्या गाडीच्या आवाजाने सुरू व्हायचा. पहाटे राइस मिलचा भोंगा, मग माय चुलीत काड्या मोडायची तो कटकट आवाज, आणि मग बाबा गाडी पुसायचे तो ओल्या कापडाचा चुरचुर आवाज. घरात येताना त्यांच्या अंगाला पेट्रोल आणि खोबरेल यांचा मिळून एक वास यायचा. जेवायला बसले की भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि झिंग्यांची चटणी, आणि तोंडी लावायला साहेबांच्या गोष्टी. त्यातली एक गोष्ट मात्र ते दर वेळी तेवढ्याच ऐटीत सांगायचे. "आज साहेब नवेगावच्या पुढे झोपले, ते थेट गोंदियाले उठले," म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मागचा माणूस झोपला म्हणजे ड्रायव्हर पास. बाबांना दुसरं बक्षीस कुणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

ते स्वतः मात्र कुणाच्याच गाडीत झोपत नसत. एसटीत बसले तरी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मान ताठ, आणि वळण आलं की उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. माय हसायची. "एसटीले तुमी थांबवून रायले का, सुजाताचे बाबा?" सुजाता म्हणजे मी. बाबा म्हणायचे, "त्याचा पाय हलका हाये, मले भरोसा नाई." आणि दुसरी गोष्ट म्हणजे, ते साहेबी गाडीच्या मागच्या सीटवर कधीही बसले नव्हते. साहेब नसताना, गाडी रिकामी असताना, अगदी सीट झाडतानासुद्धा एक गुडघा टेकवून काम उरकायचे. मी लहानपणी एकदा मागे चढून बसले तर त्यांनी मला न बोलता उचलून बाहेर ठेवलं. भीती म्हणून नव्हे. ती जागा दुसऱ्याची आहे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

खात्यात जीपा आल्या आणि गाडी लिलावात निघाली. बाबांची नोकरीही त्याच सुमारास संपत आली होती. ते लिलावाला गेले ते गाडी चालवतच परत आले. माय दारात होती. तिने गाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "जिंदगी गेली हिले पुसता पुसता, आता घरी बी आनली?" बाबा म्हणाले, "आता आपली पुसू." शेजारच्या पटलीणबाई नारळ, लिंबू आणि मिरच्या घेऊन धावत आल्या, नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून. आमच्या घरात नजर आणि लिंबू यांना थारा नव्हता. माझ्या आजोबांच्या पिढीने ते सगळं धम्मदीक्षेच्या वेळी सोडून दिलं होतं. पण मायने पटलीणबाईंचा मान मोडला नाही. तिने बॉनेटवर मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, नारळ फोडून सगळ्यांना वाटला, आणि लिंबू संध्याकाळी वरणात पिळलं. पटलीणबाई तेच वरण खाऊन गेल्या आणि चांगलं झालंय म्हणाल्या.

आता घडणीचा इतिहास. गाडी आली तेव्हा पेट्रोलची होती आणि पेट्रोल साहेबाच्या खिशातून जात असतं तेव्हाच बरं असतं. बाबांनी अर्जुनीच्या बब्बू मिस्त्रींना हाताशी धरून गोंदियाच्या भंगार बाजारातून दुसऱ्या एका अँबेसडरचं डिझेल इंजिन आणलं. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून जुनं इंजिन वर काढलं, नवं खाली सोडलं. सुरू झालं तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याला वाटलं धानाची गिरणी लागली. बब्बूचाचा मूळचे गोंदियाचे, बोलणं सगळं हिंदीत. गाडीला फेरी मारून ते लांब उभे राहिले आणि म्हणाले, "रामदासभाई, इंजिन तो बैठ गया, लेकिन नाक भी बैठ गई." खरंच, जड इंजिनामुळे गाडीचं तोंड खाली गेलं होतं, चरायला वाकलेल्या म्हशीसारखं. मग पुढच्या दांड्या आवळल्या. तोंड वर आलं तर शेपूट खाली. मग लोहाराकडून मागे एक कमानपाटा वाढवून घेतला. शेपूट वर आली, पण आता गाडी अशी उडायला लागली की पहिल्याच फेरीत मायचं डोकं छताला लागलं. ती खाली उतरली आणि म्हणाली, "माह्या सासऱ्याची बैलबंडी बरी होती." बाबांनी पाटा काढला, घासून पातळ केला, परत घातला, परत काढला. एक दुरुस्ती करावी तर ती दुसरी मागायची. पुढे पुण्यात माझ्या विभागात मोठमोठ्या यंत्रांवर गाड्या हलवून आम्ही हेच करायचो. मी एकदा तिथल्या साहेबांना म्हटलं, हे आमच्या अंगणात बघितलंय. ते हसले, त्यांना विनोद वाटला.

आणि मग अस्वल. माझा मामा सालेकशाकडच्या जंगलपट्टीत राहायचा. मोहाच्या दिवसात आम्ही त्याच्याकडे गेलो आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने ताज्या मोहफुलांची पोती दिली. डिक्कीत आधीच तांदूळ भरलेला, म्हणून पोती मागच्या सीटवर ठेवली. मोह कोंदला की आंबतो हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं, म्हणून बाबांनी चारही काचा खाली केल्या. फुलांना वारा लागावा याची त्यांनी इतकी काळजी घेतली, की त्याच वाऱ्यावर वास कुठवर जाईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी उठून बघतो तो मागचं दार वाकलेलं, पोती फाटलेली, सीट उभी चिरलेली, काथ्या आणि स्प्रिंगा बाहेर, आणि सगळ्यावर काळे राठ केस. सगळं गाव बघायला जमलं. मामा पोट धरून हसत होता. "दाजी, तुमी कधी बसले नाई ना त्या सीटवर? घ्या, अस्वल बसून गेलं! साहेबावानी मागे बसलं, खाल्लं आन् गेलं." बाबा हसले नाहीत. अख्खा रस्ता ते फाटक्या सीटकडे आरशातून बघत होते. घरी येऊन त्यांनी सीट उपसून अंगणात ठेवली आणि चार दिवस तिच्याकडे फिरकले नाहीत.

सीट मायने बांधली. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहिते आहे, कारण त्या गुळगुळीत पुस्तकात कुठल्याही सीटखाली कुठल्याही बाईचं नाव नाही. मोहफुलं संपता संपता सावरीची बोंडं फुटतात आणि तिचा पांढरा रेशमी कापूस रस्त्याने उडत असतो. माय टोपली घेऊन जायची आणि गोळा करून आणायची. घरभर तो कापूस, भातात कापूस, बाबांच्या मिशीत कापूस. वाकलेल्या स्प्रिंगा तिने पाट्यावर वरवंट्याने ठोकून सरळ केल्या. बुरडाकडून बांबूच्या बारीक कामट्यांची चटई विणून घेऊन ती स्प्रिंगांवर अंथरली, आणि चटईवर सावरीचा कापूस दाबून दाबून भरला. कव्हर जाड खादीचं. तेवढ्या जाडीला तिची मशीन पुरेना, सुया मोडल्या, मग कडांना तिने हाताने गोधडीसारखी टाके-टाके शिवण घातली, चौकडी-चौकडीची, उठावदार. सीट बसवून झाल्यावर तिने स्वतः बसून बघितलं, एकदा उसळी घेतली आणि बाबांना म्हणाली, "बसा ना. तुमचीच गाडी हाये." बाबांनी सीटवरून हात फिरवला. "चांगली झाली," म्हणाले, आणि पुढचं दार उघडून स्टिअरिंगवर जाऊन बसले. मायला ते लागलं, हे मला दिसलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात धान कापून झाल्यावर मी गाडी शिकले. मी हट्टच धरला होता. गोंदियाच्या तंत्रनिकेतनात माझं नाव लागलं होतं, रोज रेल्वेने जात होते, इंजिन चित्रात काढत होते आणि घरची गाडी मला हलवता येत नव्हती. बाबांनी मला पटलीणबाईंच्या मोकळ्या बांदीत, धान निघालेल्या शेतात, नेलं, कारण ती सगळ्यांत सपाट. शिकवण्याची त्यांची रीत त्यांचीच होती. मागच्या सीटवर टोपलीत खुडूक कोंबडी ठेवायची. मी गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. कोंबडी गप बसली तर पुढे, कोंबडी कॅक करून उठली तर नापास, परत पहिल्यापासून. बांधावर पोरं बसायची आणि कोंबडी ओरडली की टाळ्या वाजवायची. पटलीणबाईंनी मायला विचारलं, "पोट्टीले गाडी कायले शिकवून रायले वो? तिले का साहेब व्हायचं हाये?" माय म्हणाली, "साहेबाचं मले मालूम नाई. पन माही कोंबडी अंडी उबवायची भुलली, येवढं खरं." होळीच्या कितीतरी आधी कोंबडीला माझ्या गाडीत झोप लागायला लागली, आणि मला लायसन्सही मिळालं.

तरी सडकेवर मात्र बाबा मला स्टिअरिंग देईनात. एकदाच दिलं, नवेगावपर्यंत, आणि स्वतः डाव्या बाजूला बसले. तो प्रवास विसरण्यासारखा नाही. समोर बैल दिसला की त्यांचा पाय पायपुसण्यावर, वळण आलं की हात हँडब्रेकवर, आणि तोंडाने सारखं, "दाब, दाब, दाब ना!" शेवटी त्यांनी खरंच हँडब्रेक ओढला आणि गाडी भर रस्त्यात आडवी झाली. परत येऊन म्हणाले, बांदी वेगळी, सडक वेगळी. मी चिडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. पण खरी गोष्ट काय ती मायने ओळखली होती. बाबांना भातातले खडे दिसेनासे झाले होते. गाडी पुसताना एकच जागा परत परत पुसायचे आणि शेजारी शेणाचा शिंतोडा तसाच राहायचा. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता आणि ते तो साऱ्या जगापासून लपवत होते, दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते.

एके दिवशी ते गोंदियाहून रेल्वेने परत आले आणि जेवताना सांगितलं, गाडी विकली. गोंदियाच्या एका ठेकेदाराशी बोलणं झालंय, त्याला जुन्या साहेबी गाडीची हौस आहे, परवा नेऊन द्यायची. माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "काऊन?" तर म्हणाले, "जे गाडी चालवाले घरात ड्रायव्हर नाई, ते दारात ठेवून काय करू? कोंबड्या बसवू तिच्यात?" मी म्हटलं, "मी हाओ ना." ते मान खाली घालून भात कालवत राहिले. मला तेव्हा गाडी जाण्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठं हे होतं की ज्या माणसाकडून मी सगळं शिकले, त्याच्या हिशेबी मी ड्रायव्हर नव्हते. आज चाळीसेक वर्षांनी हे लिहितानाही ते ताट मला तसंच समोर दिसतं.

निघायच्या दिवशी माय मागच्या दाराशी आली. "कव्हर काढून ठेवतो मी. शिवलेलं माहं हाये." आमच्याकडे बायकाही 'मी ठेवतो'च म्हणतात, पुण्यात माझी यावरून खूप थट्टा झाली. बाबा म्हणाले, "नको काढू. उघडी दिसंल ते." मायने कव्हरच्या कडा नीट खोचल्या, शिदोरी माझ्या हातात दिली आणि गाडी सुरू व्हायच्या आत घरात निघून गेली. बाबा स्टिअरिंगवर, मी डावीकडे. उन्हं वर आली होती. लाखोरी निघायचे दिवस होते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत लोक उपटलेली लाखोरी डांबरी सडकेवर पसरून ठेवतात. गाड्या वरून गेल्या की फुकटात मळणी होते. ड्रायव्हर लोक लांबून बघतात आणि वेग कमी करून सरळ वरून जातात, रीतच आहे. नवेगाव मागे पडलं आणि पुढे तशीच पिवळसर पट्टी मला दिसली. मी वाट बघत होते, आता बाबा वेग कमी करतील. त्यांनी केला नाही.

गाडी त्या वाळल्या काड्यांवर तशीच गेली आणि चाकं घसरली. कडेला झाडणी घेऊन बसलेली एक म्हातारी उडी मारून नालीत पडली, गाडी आडवी होऊन थांबली, आणि खालून धूर यायला लागला. काड्या गाडीखालच्या फिरत्या दांड्याला गुंडाळून सायलेन्सरला लागल्या होत्या. मी उतरून, पालथी पडून त्या ओढून काढल्या. हात भाजले, पण जाळ झाला नाही. म्हातारी नालीतून उठली, लुगडं झटकलं, तिला काही लागलं नव्हतं हे आमचं नशीब, आणि झाडणी बाबांच्या तोंडासमोर नाचवत ओरडली, "डोरे फुटले का बे तुहे?" मला वाटलं बाबा काहीतरी सांगतील, ऊन डोळ्यांवर आलं, ब्रेक लागला नाही, काहीही. ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "हो बाई. फुटलेच समज." म्हातारीची झाडणी खाली आली. तिने आपल्या मडक्यातलं पाणी त्यांना ओंजळीत दिलं, आणि आम्ही तिघांनी मिळून तिची विस्कटलेली लाखोरी परत सडकेवर पसरली.

मग बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ते फिरून डाव्या पुढच्या दाराशी गेले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तिथं नाई. तिथं तुमी माहा ब्रेक दाबता. मागे बसा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी मागचं डावं दार उघडलं. आणि सवयीने दार धरून बाजूला उभे राहिले, कुणीतरी येऊन बसायचं आहे असे. रस्त्यावर मी, ती म्हातारी आणि तिची लाखोरी, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बसा ना, बाबा." त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि विहारात शिरावं तसे वाकून आत गेले. सीटच्या अगदी कडेवर बसले, पाठ न टेकता.

मी गाडी काढली. कोहमाऱ्यापर्यंत आरशात बघितलं की त्यांचे डोळे समोर, पाय ताणलेला. कोहमाऱ्याला मी तर्रीतला आलूबोंडा खाल्ला, त्यांनी फक्त चहा घेतला. पुढे मी गप्पच चालवत होते. कोंबडी आठवत होते. गिअर बदलताना क्लच असा सोडत होते की मागच्या टोपलीतली खुडूक कोंबडी डोळासुद्धा उघडणार नाही. डिझेल इंजिनाचा तो एका लयीतला घणघणाट, घासून पातळ केलेला पाटा, बुरडाची चटई, सावरीचा कापूस, सगळं खालून आपापलं काम करत होतं. गोरेगावच्या अलीकडे मी आरशात बघितलं तर बाबा दिसेनात. मी घाबरले. मान वळवून बघितलं, तर ते सीटवर आडवे झाले होते, गाल मायच्या शिवणीवर, चपला छातीशी धरलेल्या. घोरत होते. माझे बाबा. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत. मला रडू आलं आणि रस्ता धूसर व्हायला लागला, म्हणून मी ते लगेच गिळलं, कारण घरात एकाचे डोळे गेले होते तेवढे पुरे होते. पण छाती अशी भरून आली की तसं पुढे कधी झालं नाही, ना पदविका मिळाली त्या दिवशी, ना माझ्या विभागाने पहिली गाडी पास केली तेव्हा.

ठेकेदारांच्या आवारात गाडी थांबली तरी त्यांना जाग आली नाही. ठेकेदारांचा ड्रायव्हर पुढे आला, पांढरी अँबेसडर आणि मागे माणूस बघून त्याने अदबीने दार उघडलं. बाबा धडपडत उठले, चपला खाली टाकून पायात घातल्या. ठेकेदार बाहेर आले. "अरे रामदासजी! आप पीछे? और गाड़ी बिटिया ने लाई?" ते खूष होते, गाडीभोवती फिरले, बॉनेटवर थाप मारली. बाबा उभे होते, डोळे चोळत, आणि कुठे आलोत हे आठवत असल्यासारखे. मग म्हणाले, "सेठजी, माफी देना. गाड़ी नहीं देना मेरे को." ठेकेदार थांबले. बोलणं झालं होतं, शब्द दिला होता, काय झालं अचानक? बाबा म्हणाले, "मेरे को नींद लग गई थी."

"नींद लगने से क्या होता है?" ठेकेदार म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. पण त्यांच्या ड्रायव्हरने, तो पन्नाशीचा माणूस होता, चटकन माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. आणि हसून त्याने मागचं दार हळूच लावून टाकलं. "छोड़ दो सेठजी," तो म्हणाला, "ये अब नहीं देंगे." ठेकेदार भला माणूस होता, त्यांनी चहा पाजला आणि सोडून दिलं. फाटकाबाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आता गोंदियाले आलोच हाओत, तं डोरे दाखवून घेऊ. गाडी हाये, ड्रायव्हर हाये." आणि मी सांगायच्या आधी ते स्वतःच मागचं दार उघडून बसले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पुढे ते झालं, जाड भिंगाचा चष्मा लागला आणि बाबा पुन्हा गाडी चालवायला लागले, हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी परत येताना ते कोहमाऱ्याच्या आधीच झोपले. घरासमोर गाडीचा आवाज आला तेव्हा माय चुलीपाशी होती. ती हात पुसत दारात आली, कारण तिला वाटलं होतं आम्ही रेल्वेने येऊ. पटलीणबाईही आपल्या ओट्यावर उभ्या राहिल्या. मी स्टिअरिंगवरून उतरले. मग मागचं दार उघडलं आणि बाबा उतरले, चपला हातात, केस विस्कटलेले. काय झालं हे सांगायला आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं, पण मायने ऐकलं नाही. ती बाबांच्या जवळ गेली आणि त्यांच्या गालाकडे बघत राहिली. डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, तिच्या हातशिवणीची चौकडी-चौकडी उमटली होती, एकेक टाका मोजता यावा अशी. तिने त्या वळांवरून बोट फिरवलं. "बसले म्हनायचे," ती म्हणाली, आणि पटलीणबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला म्हणाली, "सुजे, हात धू अन् आधी तू बस जेवाले. ड्रायव्हर थकून आली हाये."